बाळाच्या संगोपनाचे व्हिडिओ: बघायचे कसे, मानायचे किती

माझी लेक नऊ महिन्यांची झाली तरी रांगत नव्हती. भांडुपचं आमचं वन रूम किचन, नवरा आणि सासूबाई गाढ झोपलेले, आणि मी रात्री दोन वाजता ओढणीआड मोबाइल धरून ‘बाळ रांगत नसेल तर ही पाच लक्षणं तपासा’ असा व्हिडिओ बघत होते. पाचातली तीन जुळली. अशा यादीतली तीन कुणालाही जुळतात, हे कळायला मला पुढे बरेच महिने लागले. उजाडेपर्यंत मनातल्या मनात मी पोरीला आजारी करून टाकलं होतं. ती शेवटपर्यंत रांगली नाहीच. बसल्या बसल्या सरकत राहिली आणि चौदाव्या महिन्यात पलंग धरून उठली, ती चालायलाच लागली.

व्हिडिओ मी अजूनही बघते, पण बघायची रीत बदलली आहे. ती अशी.

१. आधी प्रश्न लिहा, मग मोबाइल उघडा

‘बाळाचं वजन कसं वाढवायचं’ हा प्रश्न नव्हे, ती काळजी आहे. ‘सात महिन्यांच्या बाळाची खिचडी किती घट्ट हवी’ हा प्रश्न. उत्तर मिळालं की मोबाइल बंद. खाली सरकत गेलात की पुढचा व्हिडिओ तुमच्या प्रश्नासाठी नसतो, तुमच्या भीतीसाठी असतो.

२. हाताचं काम आहे की अंदाजाचं, ते ठरवा

माझ्या मते सगळी मेख इथे आहे. जे डोळ्यांनी बघून हातांनी करायचं, ते व्हिडिओइतकं चांगलं दुसरं काही शिकवत नाही. पण ‘माझं बाळ ठीक आहे ना?’ याचं उत्तर व्हिडिओकडे नसतं, कारण त्याने तुमचं बाळ पाहिलेलं नसतं.

अंगावर पाजणंच घ्या. बाळाचं तोंड मोठं उघडलेलं हवं, खालचा ओठ बाहेर वळलेला हवा, हनुवटी स्तनाला टेकलेली हवी आणि नुसती बोंडी नव्हे तर भोवतालचा काळा भागही तोंडात जायला हवा. हे दहा वेळा वाचून जमत नाही, एकदा नीट बघून जमतं. पवईच्या आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने स्तनपान आणि वरच्या आहारावर असे व्हिडिओ केले आहेत, ते मराठीतही आहेत. दिसायला साधे, पार्श्वसंगीत नाही, कुणी नाचत नाही. म्हणूनच बरे. पहिल्यांदा आवाजासह बघा, दुसऱ्यांदा आवाज बंद करून फक्त हात बघा आणि तिसऱ्यांदा बाळ मांडीवर घेऊन, मोबाइल बहिणीच्या किंवा सासूबाईंच्या हातात देऊन.

घशात काही अडकलं तर काय करायचं, हा व्हिडिओ आजच बघून ठेवा. अडकल्यावर शोधायला वेळ नसतो. एक वर्षाच्या आतलं बाळ गुदमरत असेल, त्याचं रडणं-खोकणं बंद पडलं असेल, तर डोकं खाली ठेवून पाठीवर पाच थापा, मग उताणं करून छातीवर पाच दाब, आणि पुन्हा तेच. तोंडात आंधळेपणाने बोट घालायचं नाही, वस्तू आणखी आत जाते. कुणाला तरी १०८ लावायला सांगायचं. घरातल्या बाहुलीवर सराव करा. आमच्याकडे सासूबाईंनीही केला, आधी हसल्या, मग गंभीरपणे. शेंगदाणे आणि फुटाण्यांचा डबा त्याच दिवशी वरच्या फळीवर गेला.

जुलाबात द्यायचं ओआरएसही (मीठ-साखरेचं पाणी) त्यातलंच. मोठं पाकीट असेल तर सगळं एकदम, एक लिटर स्वच्छ पाण्यात. ‘आत्ता अर्धं, उरलेलं उद्या’ चालत नाही. छोटी पाकिटंही मिळतात, तेव्हा पाणी किती ते पाकिटावर वाचा. कालवलेलं २४ तासांनी ओतून द्या.

३. व्हिडिओ कुणाचा आणि कधीचा?

पांढरा कोट आणि गळ्यात स्टेथोस्कोप बघून भुलू नका, दोन्ही बाजारात मिळतात. नाव, शिक्षण आणि नोंदणी बघा. महाराष्ट्रात प्रॅक्टिस करणाऱ्या ॲलोपॅथीच्या डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे असते. व्हिडिओखाली पावडरीची लिंक आणि सवलतीचा कोड असेल, तर तो सल्ला नव्हे, दुकान आहे.

तारीख तर कुणीच बघत नाही. ओआरएस असं नाव मिरवणारी गोड पेयं वर्षानुवर्षं केमिस्टकडे मिळत होती. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमाणात न बसणाऱ्या पेयाला ते नाव लावायचं नाही, असा आदेश एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, २०२५च्या ऑक्टोबरात काढला. सर्दीवरचं क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना द्यायचं नाही, ही सूचना २०२३च्या डिसेंबरातली. त्याआधीचे व्हिडिओ मात्र अजून फिरतायत.

४. वयाचा आकडा ऐकला की कार्ड काढा

पालिकेच्या आरोग्य केंद्रात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड लसीच्या दिवशीच कपाटातून निघतं. त्यात वजनाचा आलेख आहे. एका दिवसाच्या आकड्यापेक्षा रेघ कुठे चालली आहे ते बघायचं. वर चढतेय, आडवी झालीय की उतरतेय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात निरोगी बाळं आधाराशिवाय चालायला लागली ती साधारण आठ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान. एवढं अंतर! आणि शंभरातली चारेक बाळं हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत. माझी त्यातली. त्या रात्री एवढं एक वाक्य कुणी सांगितलं असतं, तर झोप लागली असती.

याचा अर्थ ‘होईल आपोआप’ असा नाही. येत असलेली गोष्ट बाळ विसरू लागलं, आवाजाकडे वळत नसलं, नजरेला नजर देत नसलं, तर व्हिडिओ नाही, शेजारणीचा सल्लाही नाही, थेट बालरोगतज्ज्ञ.

५. परदेशी ताट आपल्या स्वयंपाकघरात आणा

व्हिडिओतली बाई अॅव्होकॅडो कुस्करते म्हणून तुम्ही बाजार पालथा घालू नका. केळं, मऊ शिजवलेली मूगडाळीची खिचडी, नाचणीची खीर, उकडलेलं अंडं, रताळं. बघायचं ते पदार्थाचं नाव नव्हे, घट्टपणा. चमचा तिरपा केला तर अन्न लगेच ओघळू नये. आपल्याकडची जुनी चूक म्हणजे वरणाचं पाणी आणि भाताची पेज. एवढंसं पोट पाण्याने भरतं आणि सत्त्व पातेल्यातच राहतं. वरून थोडं तूप घाला. एक वर्षापर्यंत मध नको, चाटणातूनही नको. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा गंभीर आजार होऊ शकतो.

पहिले सहा महिने वरचं पाणीही नको. मे महिन्यातल्या मुंबईच्या घामट दुपारी हे घरच्यांच्या गळी उतरवणं कर्मकठीण. सासूबाईंना मी व्हिडिओ ‘दाखवला’ तेव्हा भांडण झालं. ‘आई, हे काय सांगतायत बघा ना’ म्हणून शेजारी बसवलं, तेव्हा त्यांनी स्वतःच विचारलं, ‘दुधात पाणी असतंच की, नाही का?’ असतंच. बाळाच्या नाकात तेल घालणंही पुढे तसंच सुटलं. बाळगुटीवर आमचा तह डॉक्टरांच्या खोलीत झाला.

६. फॉरवर्ड करण्याआधी थांबा

२०२२च्या शेवटी गोवंडी आणि आसपासच्या वस्त्यांत गोवराची साथ आली, मुलं दगावली. गोवर-रुबेलाची लस ९ महिने पूर्ण झाल्यावर आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत द्यायची असते. लशीबद्दल घाबरवणारा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला, तर तो पुढे ढकलू नका आणि त्यावर वादही घालू नका. पाठवणाऱ्या वहिनींना फोन करून त्यांच्या बाळाची तारीख कधी आहे ते विचारा.

७. बाळाला मोबाइल दाखवून नव्हे

दोन वर्षांखाली स्क्रीन नकोच आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कमी तेवढा बरा. म्हणजे पाजायच्या सरावावेळीही पडदा तुमच्याकडे, बाळाकडे पाठ.

८. डॉक्टरांना यूट्यूबचा नाही, तुमच्या बाळाचा व्हिडिओ दाखवा

हे मला एका डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. बाळ रात्री विचित्र झटके देतं, वेगळंच श्वास घेतं, आणि सकाळी दवाखान्यात मात्र हसत बसतं. अशा वेळी दिवा लावा, झबलं वर करा, छाती आणि पोट दिसेल असा एक मिनिट व्हिडिओ काढा. झटके असतील तर चेहरा, हात आणि पाय सगळं चौकटीत यायला हवं. नंतर त्यातूनच श्वास मोजता येतात. शांत असताना दोन महिन्यांखालच्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला आहे, त्याच दिवशी दाखवायला हवं. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा झटका थांबतच नसेल, तर मोबाइल फक्त १०८ लावायला.