जुनी कंबरदुखी, योगा आणि मेंदू: या चुका टाळा

ठाण्यात नौपाड्यात मी एक छोटी बॅच घेते, जुनी कंबरदुखी, मानदुखी, फायब्रोमायाल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार) असलं काहीतरी घेऊन आलेल्या लोकांची, आणि नवीन माणूस आला की मॅटच्या आधी पिशवीतून एमआरआयची फाईल बाहेर येते. "मॅडम, मणक्यातली गादी सरकलीये, कुठल्या आसनाने परत जागेवर जाईल?" बहुतेक सगळ्या चुका या एका प्रश्नातूनच निघतात म्हणून त्याच्यापासूनच सुरू करते.

फाईल बघून आसनं निवडू नका

२०१५ साली एक मोठा आढावा आला होता, ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांची झीज दिसली आणि ऐंशीच्या घरातल्या ९६ टक्क्यांच्या, आणि डिस्क बल्ज, म्हणजे गादी बाहेर फुगलेली, म्हणाल तर विशीतच ३० टक्के. म्हणजे तुमच्या फाईलमध्ये जे लिहिलंय ते तुमच्या शेजाऱ्याच्या कंबरेतही असेल आणि तो आरामात येऊरच्या डोंगरावर फिरून येत असेल. रिपोर्ट खोटा नसतो, पण तीन महिन्यांच्या पुढे गेलेलं दुखणं नुसतं रिपोर्टवर चालत नाही, तोवर मज्जारज्जू आणि मेंदू दोघंही हळवे झालेले असतात, सोसायटीच्या पार्किंगमधल्या गाडीचा अलार्म जसा मांजर बॉनेटवर बसलं तरी कोकलत सुटतो ना, तसं. योगा, ताई ची (संथ हालचालींचा चिनी व्यायाम), सावकाश श्वास यांचं मुख्य काम या अलार्मवर आहे. स्नायूंना ताकद येते ती येतेच, ते बोनस धरा.

"मेंदू" ऐकून चिडू नका

मेंदूचं नाव काढलं की काकांचा चेहरा पडतो, म्हणजे मी नाटक करतो का? नाही हो. दुखणं शंभर टक्के खरं आहे. २००४ मध्ये अपकेरियन या संशोधकाच्या टीमने जुनी पाठदुखी असलेल्या २६ लोकांचे मेंदूचे स्कॅन तपासले तेव्हा कपाळामागचा एक भाग, जो लक्ष आणि निर्णय सांभाळतो आणि वेदनेवर लगामही ठेवतो, तो निरोगी लोकांपेक्षा पातळ निघाला. मग २०११ मध्ये दुसऱ्या एका टीमला दिसलं की उपचार लागू पडून दुखणं कमी झालं की तोच भाग परत जाड होतो. ते उपचार ऑपरेशन आणि इंजेक्शनचे होते, योगाचे नाही, व्हॉट्सॲपवर "योगाने मेंदू वाढतो" म्हणून फिरवू नका प्लीज. अभ्यासही छोटे आहेत. पण मेंदूतला बदल कायमचा नसतो हे त्यातून कळतं, आणि आपल्याला तेवढं पुरे.

बरं वाटलं म्हणून एकाच दिवशी सगळं उरकणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती आळशी माणूस करत नाही, उत्साही माणूस करतो. रविवारी सकाळी उठल्यावर कंबर हलकी वाटते, मग बारा सूर्यनमस्कार, मग उपवन तलावाला चक्कर, मग आलोच आहोत तर जांभळी नाक्याहून भाजी, दोन्ही हातात पिशव्या, आणि सोमवारी अंथरुणातून उठता येत नाही. मग चार दिवस झोपून, मॅट कपाटाच्या मागे, "योगा मला सूट होत नाही". यात मेंदू काय शिकला? हालचाल झाली की धोका. म्हणजे जे विसरायला लावायचं होतं तेच पक्कं झालं.

त्यापेक्षा वाईट दिवशीसुद्धा जमेल एवढं माप ठरवा. मार्जारासन पाच वेळा, सेतुबंध तीन वेळा, दहा मिनिटं चालणं, जे काय असेल ते, आणि चांगल्या दिवशीही तेवढंच करा. हे फार जड जातं लोकांना, चांगल्या दिवशी थांबणं. आठवडाभर नीट गेलं तर थोडं वाढवा. दुसऱ्या दिवशी जास्त दुखलं तर घाबरू नका, चोवीस तासांत नेहमीच्या पातळीला आलं तर माप बरोबर आहे, नाही आलं तर निम्मं करा. बंद नका करू.

दात आवळून आसन

पश्चिमोत्तानासनात अंगठे धरायचेच म्हणून चेहरा लाल, श्वास बंद, जबडा आवळलेला. असं केलं तर मेंदूला संकटाचीच बातमी जाते. श्वास बाहेर सोडायला आत घेण्यापेक्षा थोडा जास्त वेळ द्या, त्याने हृदयाची गती उतरते, शरीर सैल पडतं. श्वास अडकला की समजा आसन तुमच्या मापाच्या पुढे गेलं, मागे या. बाजूची काकू किती वाकते ते बघू नका, ती लहानपणापासून तशीच आहे.

दर मिनिटाला "आता दुखतंय का?" चेक करणं

काही लोक शवासनातही मनात आकडे देत असतात, आत्ता सहा, आत्ता साडेपाच. लक्ष वेदनेवर रोखलं की ती मोठी वाटते. आणि उलट टोकाचे लोक दुखणं विसरायचं म्हणून कानात गाणी लावून व्यायाम करतात, तेही नको. लक्ष द्यायचं पण निकाल द्यायचा नाही, तळवे जमिनीला कसे टेकलेत, बरगड्या कशा हलतायत, आणि दुखलं तर हां दुखलं, पुढे चला. २०११ मध्ये फादेल झैदान या संशोधकाच्या प्रयोगात निरोगी लोकांना चार दिवस ध्यान शिकवून मग पिंडरीला चटका दिला तर वेदनेची तीव्रता ४० टक्के उतरली, पण त्रास ५७ टक्के उतरला. दुखणं आणि त्याचा त्रास हे मेंदूत थोडे वेगवेगळे चालतात म्हणून असं होतं. जुन्या दुखण्यात एवढे मोठे आकडे मिळतील ही अपेक्षा ठेवू नका, फरक साधारण मध्यमच असतो.

क्लासमध्ये शूर, घरी काच

एक तास छान वाकतात आणि घरी बादली उचलायला मुलाला हाक मारतात. स्टेशनच्या पुलाचे जिने दिसले की लिफ्ट शोधतात. भीती ज्या हालचालीची आहे तीच हालचाल छोट्या डोसमध्ये रोज झाली पाहिजे, नाहीतर मेंदू म्हणतो मॅटवर वाकणं सेफ, बाकी ठिकाणी नाही. आधी रिकामी बादली, मग पाव भरलेली, मग अर्धी. जिना आधी अर्धा चढा, दम घ्या, मग उरलेला. ऐरोली-महापेला आयटीत बसणाऱ्यांनी परफेक्ट पोश्चरच्या मागे लागू नका, बसायची पद्धत बदलत राहा, उठत राहा, बास.

पंधरा दिवसांत सोडून देणं. फायब्रोमायाल्जियावर ताई चीचा एक अभ्यास २०१८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला, २२६ लोकांचा, त्यात २४ आठवडे करणाऱ्यांना १२ आठवडेवाल्यांपेक्षा जास्त फायदा झाला. तेव्हा तीन महिने तरी द्या, आणि मोजायचं तर दुखण्याचा आकडा नको, झोप किती लागली, किती चाललात, ट्रेनमध्ये किती वेळ उभं राहता आलं ते मोजा. बऱ्याच जणांचं हे आधी सुधारतं, दुखणं मागून उतरतं.

जरा बरं वाटलं की गोळ्या बंद, ही पण कॉमन चूक. प्रीगाबालिन, गाबापेंटिन, ड्युलोक्सेटिन अशा जुन्या दुखण्यावर देतात त्या गोळ्या एकदम थांबवायच्या नसतात, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करायच्या.

आणि प्रत्येक दुखणं मेंदूच्या खात्यात टाकू नका. ताप, कारण नसताना वजन उतरणं, आधी कॅन्सर झालेला असणं, पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, यात आधी डॉक्टर, मग मॅट. पायातली ताकद जायला लागली, लघवी-संडासवरचा ताबा सुटला किंवा बसायची जागा बधिर झाली तर सकाळची वाट बघू नका, रात्रीचे दोन असले तरी थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा.