मासे आजारी पडले तर: औषध टाकण्याआधीची तयारी

औषधाच्या बाटलीचं झाकण उघडण्याआधी फिल्टरमधला कार्बन बाहेर काढा. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं आणि माझे मॉली मासे हातचे गेले, म्हणून सगळ्यात आधी हे. ॲक्टिव्हेटेड कार्बन पाण्यातलं औषध शोषून घेतो. रात्री मेथिलीन ब्लू टाकलं, पाणी गडद निळं झालं आणि सकाळी पुन्हा काचेसारखं स्वच्छ दिसलं, तर खूश होऊ नका. औषध सगळं कार्बनमध्ये गेलंय, माशाला काहीच मिळालेलं नाही. आणि कार्बन सहज दिसत नाही, हीच पंचाईत आहे. मागे टांगायच्या फिल्टरमध्ये जे तयार कार्ट्रिज येतं ते बाहेरून नुसती पांढरी लोकर वाटते. बोटांनी दाबून बघा, आत दाणे कचकचतात. कात्रीने एक कड कापा, काळे दाणे कचऱ्यात झटका, लोकर परत बसवा. लोकर फेकायची नाही, अमोनिया पचवणारे जिवाणू तिच्यावरच असतात. यूव्ही दिवा असेल तर तोही बंद.

आता रोग कोणता ते बघा. सगळेच मासे एकदम पृष्ठभागावर येऊन धापा टाकत असतील तर आधी पाणी तपासा. अमोनिया आणि नायट्राइट, दोन्ही शून्य हवेत. टेस्ट किट आधीच घरात असावं, क्रॉफर्ड मार्केटमध्ये मिळतं. मासा तडफडायला लागल्यावर लोकलने कुठे धावणार? आकडा चढलेला असेल तर पाव ते एक तृतीयांश पाणी बदला, हवेचा पंप वाढवा. औषधाने अमोनिया उतरत नाही.

अंगावर, परांवर रव्याएवढे पांढरे ठिपके आणि मासा खडीवर अंग घासतोय, म्हणजे इक, पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. पावसाळ्यात पाण्याचं तापमान उतरलं की किंवा नवीन मासा आणला की हा हमखास डोकं वर काढतो. टॉर्च तिरपा धरल्यावर अंगावर बारीक सोनेरी झाक दिसली तर वेल्व्हेट. परांच्या कडा झिजत चालल्या तर फिन रॉट. पोट फुगून खवले उभे राहिले तर ड्रॉप्सी. यात मासा वाचणं कठीण असतं, हे मन घट्ट करून ऐका. तोंडाशी किंवा पाठीवर पांढरा पुंजका दिसला की लोक सरसकट बुरशी म्हणतात, पण तो कॉलम्नॅरिस असू शकतो. तो जिवाणूंचा रोग आहे आणि गरम पाण्यात झपाट्याने वाढतो. म्हणून इकसाठी हीटर 30 अंशांवर नेता तसा इथे नेऊ नका.

इकमध्ये एकच मासा वेगळा काढून भागत नाही. परजीवी माशावरून गळून खडीत जातो, तिथे फुटतो आणि नवी पिल्लं पोहत मासा शोधतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणून उपचार अख्ख्या टाकीला, आणि ठिपके गेल्यावरही आणखी चार दिवस तरी. टाकीला म्हणजे फिल्टरलाही आलंच. कार्बन काढलात ना? जाऊन बघा एकदा.

बाकी रोगांसाठी वेगळा टब: वीस लिटरचा, झाकण असलेला, साबण कधीच न लागलेला. त्यासाठी एक स्पंज फिल्टर मोठ्या टाकीत कायम चालू ठेवा, म्हणजे वेळेला जिवाणूंसकट उचलता येतो. मेथिलीन ब्लू या टबातच वापरा. मोठ्या टाकीत ते त्याच जिवाणूंना मारतं. टबाला टांगायचा फिल्टर लावणार असाल तर त्यातलाही कार्बन काढा. कार्ट्रिज नवं कोरं असेल तर जास्तच, कारण नवा कार्बन सगळ्यात जोरात शोषतो.

डोस अंदाजाने नाही. टाकीची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणा, 1000 ने भागा. दोन फुटी टाकी 60 × 30 × 30 म्हणजे 54 लिटर, पण खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी 45 च्या आसपास भरतं. बाटलीवरचा डोस या 45 ला. कॅटफिश किंवा लोच जातीचे मासे असतील तर मॅलाकाइट ग्रीन (इकवरचं औषध) निम्मंच. तांबं असलेलं औषध कोळंबी आणि गोगलगायींना मारतं, त्यामुळे लेबल वाचा. खडे मीठ लिटरला 1 ते 2 ग्रॅम, आधी विरघळवून, थोडं थोडं. झाडं असतील तर टाळा.

पालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. अँटीक्लोरिन टाकल्याशिवाय मगभरही ओतू नका. गरम पाण्यात आणि औषधाच्या पाण्यात प्राणवायू कमी पडतो, पंप रात्रीही चालू. वीज जाते तिथे बॅटरीवाला पंप. पाव पाणी बदललं तर पाव डोस परत. खाणं निम्मं. हातावर जखम असेल तर हातमोजे.

कोर्स संपला की पाणी बदला आणि मगच नवा कार्बन घाला, उरलेलं औषध आता तोच ओढून घेईल. जाळी, बादली, पाइप उन्हात खडखडीत वाळवा. पुढचा मासा आणाल तो आधी दोन-तीन आठवडे टबात.