पानाच्या छेदावरून गवतं ओळखताना या चुका टाळा

मारवेल (डायकँथियम) आणि त्याच्या जवळच्या बोथ्रिओक्लोआची गवतं फुलोरा नसताना ओळखायची, तर पानाचा आडवा छेद, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा पातळ काप, मोठा आधार ठरतो. पण गोंधळ बहुतेक वेळा ब्लेड हातात घेण्याआधीच झालेला असतो. एका नमुन्याचं फुलोऱ्याखालचं पान आणि दुसऱ्याचं बुडातलं पान घेतलं, की एकाच रोपाच्या दोन जाती झाल्यासारख्या वाटतात. नेहमी फुलोरा न आलेल्या फुटव्याचं पूर्ण उघडलेलं पान घ्या आणि त्याचा मधला भाग कापा. युरोपातल्या फेस्टुका गवतांचं वर्गीकरण वनस्पतिशास्त्रज्ञ एडुआर्ड हाकेल यांनी 1882मध्ये केलं, तेव्हापासून तिथे पानांच्या छेदांना मान आहे. फेस्टुका व्हॅलेसियाकात दृढ ऊतींचे (पानाला ताठपणा देणाऱ्या जाड भिंतींच्या पेशींचे) तीन ठळक पट्टे दिसतात, एक मध्यशिरेखाली आणि दोन कडांना. फेस्टुका ओव्हिनात बऱ्याचदा जवळजवळ सलग थर असतो. हा फरक फुटव्याच्या पानावरच तपासायचा.

छेद तिरका गेला, तर दृढ ऊती आहेत त्याहून जाड दिसतात. मोठ्या वाहिन्या गोल न दिसता लांबट दिसल्या, की तो छेद बाजूला ठेवा. बटाट्याच्या फोडीत पान घट्ट धरून कापा आणि ब्लेड लवकर बदला, कारण पानातल्या सिलिकेने धार जाते. हर्बेरियममधलं (सुकवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातलं) सुकं पान आधी गरम पाण्यात साबणाचा थेंब टाकून मऊ करा. तसं केलं नाही तर बुलिफॉर्म पेशी, म्हणजे पानाच्या पृष्ठावरच्या फुगीर, पाणी धरणाऱ्या पेशी, चेपलेल्याच राहतात, आणि नोंद होते, ‘बुलिफॉर्म पेशी नाहीत’.

सर्वांत महागात पडते ती लक्षणांची निवड. ‘क्रांझ रचना आढळली’ हे वाक्य मी फार वेळा वाचलं आहे. मारवेल आणि बोथ्रिओक्लोआ दोन्ही सी-4 (उष्ण प्रदेशातल्या अनेक गवतांसारखी खास प्रकाशसंश्लेषण पद्धत असलेली), दोन्ही गवतांच्या अँड्रोपोगोनी गटातली; शिरांभोवती हरितलवकं भरलेल्या पेशींचं कडं, म्हणजेच क्रांझ रचना, दोघांतही असणारच. भातापासून ती वेगळी काढायला हे लक्षण चालेल, एकमेकांपासून नाही. डंबेलच्या आकाराच्या सिलिका पेशींचंही तसंच. पर्णरंध्रांची दाटी, केस, पानाची रुंदी ही सावली आणि पाण्याप्रमाणे बदलतात. त्यापेक्षा दृढ ऊतींचे पट्टे कोणत्या शिरांपाशी दोन्ही पृष्ठांपर्यंत पोचतात, मध्यशिरेचा आकार कसा आहे, हे अनेक रोपांत ताडून पाहा. वरचं पृष्ठ की खालचं, हे प्रत्येक नोंदीत लिहा.

आणि मधल्याच लक्षणांचा नमुना मिळाला, तर त्याला ओढूनताणून एका नावात बसवू नका. हार्लन आणि डी वेट या वनस्पतिशास्त्रज्ञांनी 1963मध्ये दाखवलं, की बोथ्रिओक्लोआ इंटरमीडियाने मारवेलसह अनेक शेजारी जातींची जनुकं सामावून घेतली आहेत. अशा रोपाचा नमुना जपून ठेवा, फुलोरा येऊ द्या आणि कणिशकाच्या (फुलोऱ्यातल्या छोट्या फुलगुच्छाच्या) देठावर पारदर्शक खाच आहे का पाहा: बोथ्रिओक्लोआत ती असते, मारवेलात नसते.