दहावीपासून उलटं मोजा : विशेष गरजा असलेल्या मुलासाठी हायस्कूल निवडताना या चुका टाळा

मुलासाठी पाचवीला हायस्कूल शोधत होतो तेव्हा मी विचारलेला पहिला प्रश्न होता, "तुमच्याकडे अशी मुलं घेतात का?" मुख्याध्यापिका म्हणाल्या, "घेतो की!" आणि मी त्याच संध्याकाळी पेढे आणले. घेणं वेगळं आणि शिकवणं वेगळं, हे कळायला दीड वर्ष गेलं. त्याला डिस्लेक्सिया आहे. वाचताना ओळ हरवते, लिहिताना हात मागे पडतो, तोंडी विचारलं तर मात्र धडाधडा उत्तरं येतात.

मी विचारायला हवं होतं ते असं : गेल्या दोन-तीन वर्षांत तुमच्या शाळेतून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती घेऊन किती मुलं दहावीला बसली आणि मंडळाकडे त्यांचे प्रस्ताव कोणी केले? या प्रश्नावर शाळा गडबडली तर समजून जा. कार्यालयातल्या लिपिकाला कोणते कागद लागतात हे तोंडपाठ असेल, तर निम्मी लढाई तिथेच जिंकली. भिंतीवरची 'समावेशक शिक्षण' अशी पाटी बघून मी आता विरघळत नाही.

प्रमाणपत्र 'नंतर बघू' म्हणणं

खासगी समुपदेशकाचा अहवाल म्हणजे अक्षमतेचं प्रमाणपत्र नव्हे. अभ्यासात मदत कशी करायची हे त्यातून कळतं, पण मंडळाच्या सवलतींसाठी मान्यताप्राप्त सरकारी किंवा महापालिका रुग्णालयाचंच लागतं. मुंबईत बरेच पालक सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात जातात. बुद्ध्यांक चाचणी, डोळे, कान, शाळेचा अहवाल, जुन्या वह्या अशा फेऱ्या होतात आणि तारखा लांबच्या मिळतात. नववी संपताना धावपळ सुरू केली तर दहावीची परीक्षा उंबरठ्यावर येते. शिवाय 2018 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत अध्ययन अक्षमतेचं (डिस्लेक्सिया त्यातलाच) प्रमाणपत्र आठव्या वर्षी, मग चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासायचं असं म्हटलं होतं. चौदावं वर्ष म्हणजे आठवी-नववीच. जुना कागद फाइलीत आहे म्हणून निर्धास्त राहू नका, सध्याचा नियम रुग्णालयातच विचारा.

बोर्डाचा विचार न करता शाळा धरणं

शेजारच्या ताईंचा मुलगा जातो म्हणून इंग्रजी माध्यमाची सीबीएसई शाळा घेतली, असं सर्रास होतं. सवलती मात्र बोर्डागणिक बदलतात. राज्य मंडळात पात्र विद्यार्थ्याला जादा वेळ, लेखनिक, एखाद्या भाषेतून सूट, गणिताऐवजी सातवीच्या पातळीचं अंकगणित आणि जोडीला कार्यानुभव असे पर्याय आहेत. अंकगणित घेण्याआधी अकरावीच्या शाखेचा विचार करा, कारण विज्ञानाची वाट तिथे अडू शकते. तीन भाषा हाच मोठा अडसर असेल तर राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडेही बघा. तिथे पाच विषय पुरतात, वर्षातून दोनदा परीक्षा होते आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात. 'ओपन' म्हटल्यावर नातेवाईक नाक मुरडतील, मुरडू द्या.

लेखनिकाबद्दल एक गोष्ट कोणी सांगत नाही. रायटर मिळाला म्हणजे काम झालं नाही, कारण सांगून लिहून घेणं हेही शिकावं लागतं. विरामचिन्हं सांगायची, भूमितीची आकृती शब्दांत मांडायची, समोरचा खालच्या इयत्तेतला मुलगा आहे हे लक्षात ठेवून सावकाश बोलायचं. शाळा आठवीच्या घटक चाचण्यांपासून रायटर देते का, हे प्रवेशाआधीच विचारा. आमच्या पहिल्या शाळेचं उत्तर होतं, "बोर्डाला देऊ ना!"

फक्त ऑफिस बघून परतणं

प्राथमिकला एकच बाई असतात, त्यांना पोराचा स्वभाव माहीत असतो. हायस्कूलला तासागणिक शिक्षक बदलतात आणि सात-आठ जणांपैकी कोणालाच नेमकं माहीत नसतं. इतिहासाच्या सरांनी वर्गात उभं करून मोठ्यानं वाचायला लावलं, त्यानंतर माझ्या मुलाचं पोट दर मंगळवारी दुखू लागलं. त्या दिवशी इतिहास असतो हे जुळायला मला महिना लागला. म्हणून मुलाची माहिती सगळ्या शिक्षकांपर्यंत कोण पोचवणार, त्या एका व्यक्तीचं नाव विचारून घ्या. भेट मधल्या सुट्टीत ठेवा. स्वच्छतागृह, जिने, मैदानाच्या कडेला एकटी बसलेली मुलं, सगळं तेव्हाच दिसतं. चाकाची खुर्ची असेल तर नववी-दहावीचे वर्ग आणि प्रयोगशाळा कितव्या मजल्यावर आहेत ते बघा. तळमजल्यावरचा रॅम्प दाखवून बोळवण करतात. शाळेत विशेष शिक्षक नसेल तर गटसाधन केंद्रातले (शिक्षण विभागाचं तालुक्याचं केंद्र) विशेष तज्ज्ञ किंवा फिरते विशेष शिक्षक येतात का, आले तर शेवटचे कधी आले, हेही विचारा.

तोंडी नकार घेऊन घरी येणं

"आमच्याकडे सोय नाही, तुमच्याच मुलाचं नुकसान होईल," हे वाक्य फार गोड आवाजात बोललं जातं. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 नुसार मान्यताप्राप्त शाळेला भेदभाव न करता प्रवेश द्यावा लागतो. 40 टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला 6 ते 18 वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकारही लेखी मागा. बरेचदा एवढ्यानेच सूर बदलतो. नाहीच बदलला तर शिक्षणाधिकारी, त्यापुढे पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त.

आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, 25 टक्के राखीव जागांतून प्रवेश असेल तर ती मोफत जागा आठवीपर्यंतचीच. नववीला फीची पावती हातात पडते तेव्हा शाळा बदलणं जिवावर येतं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला दहावीच्या रांगेत उभं करण्याचा हट्ट मात्र मला पटत नाही. चांगल्या विशेष शाळेत पैशांचे व्यवहार, प्रवास, हातकाम शिकून तो अठराव्या वर्षी कार्यशाळेत जात असेल, तर त्यात कमीपणा कसला?

आठवीला आम्ही शाळा बदलली. यावेळी मुलाला सोबत नेलं, ते आधीही करता आलं असतं. माझी प्रश्नांची यादी दोन पानांची होती, त्याचा प्रश्न एकच : "वर्गात मोठ्यानं वाचायला उभं करता का?" बाई म्हणाल्या, "आधी तुला बाजूला विचारीन. नको म्हणालास तर नाही." आम्ही तिथेच फॉर्म भरला.