नमुन्याची सरासरी: काढावी कशी आणि वाचावी कशी

सर्व प्राप्तांकांची बेरीज करून तिला प्राप्तांकांच्या संख्येने भागले की सरासरी मिळते, हे शाळेपासून सर्वांना ठाऊक असते. मात्र हाती आलेले उत्तर केवळ नमुन्याचे आहे, ज्या समष्टीतून, म्हणजे संपूर्ण समूहातून, तो नमुना घेतला तिचे नव्हे, हे भागाकार संपेपर्यंत बहुधा विस्मरणात गेलेले असते.

समजा, एका मोठ्या शाळेतील सातवीच्या सर्व विद्यार्थ्यांची सरासरी उंची हवी आहे. प्रत्येकाला मोजणे शक्य नसल्याने चिठ्ठ्या टाकून आठ जण निवडले आणि त्यांची उंची सेंटीमीटरमध्ये १४८, १५२, १४९, १५५, १५१, १४७, १५३ आणि १४९ अशी भरली. बेरीज १२०४ येते. तिला ८ ने भागल्यास १५०.५ मिळते. हेच उत्तर गृहीतमध्य पद्धतीने तोंडी काढता येते. १५० हा मध्य गृहीत धरून प्रत्येक उंचीचा फरक लिहावा: −२, +२, −१, +५, +१, −३, +३, −१. या फरकांची बेरीज ४, तिची सरासरी ०.५ आणि ती १५० मध्ये मिळवली की काम झाले. मला स्वतःला हीच पद्धत अधिक भरवशाची वाटते, कारण लहान आकड्यांत चूक लपून राहत नाही.

उत्तराचा ताळा घेणेही सोपे आहे. १५०.५ पेक्षा अधिक भरलेल्या चौघांचे विचलन, म्हणजे सरासरीपासूनचे अंतर, एकूण ९ आणि कमी भरलेल्या चौघांचेही ९ येते. दोन्ही बाजू अशा समतोल झाल्या नाहीत, तर कुठेतरी चूक आहे हे नक्की. अर्थात, आकडा उतरवतानाच चुकला असेल तर ताळाही ती चूक पकडत नाही. १५५ च्या जागी ५१५ लिहिले गेल्यास सरासरी १९५.५ होते, म्हणजे आठांपैकी सात जण सरासरीच्या खाली जातात. मध्यक, म्हणजे उंची चढत्या क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारी किंमत, मात्र १५० वरून हलत नाही. म्हणून दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवावेत आणि त्यांत मोठे अंतर दिसल्यास मूळ नोंदी पुन्हा पाहाव्यात.

दोन गटांच्या सरासरींची थेट सरासरी काढू नये. या आठ जणांत १६० सरासरी असलेले दोघे मिळवले, तर एकत्रित सरासरी १५५.२५ नव्हे, तर १५२४ भागिले १०, म्हणजे १५२.४ येते.

आता नमुन्यावरून समष्टीकडे जाऊ. विचलनांच्या वर्गांची बेरीज ५२ आहे. तिला ८ ने नव्हे, ७ ने भागून वर्गमूळ घेतल्यास सुमारे २.७ हे प्रमाण विचलन, म्हणजे उंची सरासरीभोवती किती विखुरल्या आहेत याचे माप, मिळते. ७ ने अशासाठी, की सरासरी याच आकड्यांतून काढल्यामुळे सात विचलने कळली की आठवे आपोआप ठरते. प्रमाण विचलनाला ८ च्या वर्गमूळाने भागले की सरासरीची प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्याची सरासरी समष्टीच्या सरासरीपासून साधारणपणे किती ढळू शकते याचा अंदाज, सुमारे १ सेंटीमीटर येते. ती निम्मी करायची तर नमुना दुप्पट नव्हे, चौपट घ्यावा लागतो.

पण ही त्रुटी फक्त निवडीतील योगायोगामुळे येणारी आहे. निवडच एकांगी असेल तर नमुना वाढवून काहीही सुधारत नाही. १९३६ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाकडे त्याच्या मतचाचणीच्या वीस लाखांहून अधिक मतपत्रिका परत आल्या होत्या आणि त्यांवरून त्याने लँडन या उमेदवाराचा विजय वर्तवला. प्रत्यक्षात त्यांचे प्रतिस्पर्धी रूझवेल्ट प्रचंड बहुमताने निवडून आले. नावे मुख्यतः टेलिफोनधारकांच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून घेतली होती, आणि ज्यांना मतपत्रिका पाठवल्या त्यांतील बहुतेकांनी उत्तरच दिले नव्हते.