ॲव्होकाडोने मान टाकली? आधी पाण्याचा मग खाली ठेवा! पावसाळ्यात या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये मला हमखास कुणाचा तरी फोन येतो, अगं माझ्या ॲव्होकाडोची पानं लोंबली गं, सकाळ-संध्याकाळ पाणी घालतेय तरी! ताई, पाणी बंद करा आधी. बाहेर धो धो पाऊस, कुंडीत चिखल आणि झाड मात्र तहानल्यासारखं दिसतंय, कारण मुळं कुजली की पाणी वर चढतच नाही. पाण्यात उभं राहून झाड तहानेनं मरतं आणि आपण मायेपोटी अजून पाणी ओततो.

माझं पहिलं झाड असंच गेलं. तीन वर्षांचं, माझ्या खांद्याला लागलेलं. ड्रममधून उपसलं तर नाल्यासारखा वास, बारीक मुळं काळी पडलेली, चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटून यायची आणि आतला दोरा तेवढा हातात राहायचा. निरोगी मूळ पांढरट असतं, वाकवलं की कट्कन तुटतं. हा फरक एकदा बोटांना कळला की कायमचा लक्षात राहतो.

याला मूळकुज म्हणतात, फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या जिवामुळे होणारा रोग, ओल्या मातीत त्याचे बीजाणू चक्क पोहत मुळापर्यंत जातात. ॲव्होकाडोची पाणी शोषणारी मुळं वरच्या वीतभर मातीतच असतात, आणि आपल्या मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, म्हणजे बघा! बाजारात मिळणाऱ्या सगळ्या हास जातीच्या ॲव्होकाडोंचं जे मूळ झाड कॅलिफोर्नियात होतं ना, तेसुद्धा शेवटी मूळकुजीनेच गेलं, 2002 मध्ये.

म्हणून कुंडीखालची प्लेट पावसाळ्यात काढूनच टाका. ड्रम स्लॅबवर सपाट ठेवू नका, खाली तीन-चार विटा द्या आणि भोकं तळाला तर हवीतच, पण बाजूलाही दोन बोटं वर पाडा, कारण तळाची मातीने बुजतात. नुसती लाल माती दाबून भरणं ही सगळ्यात मोठी चूक, पावसात ती विटेसारखी बसते. तिच्यात जाडी रेती, नारळाच्या सोडणाचे तुकडे, जुनं शेणखत मिसळा. कलमाचा सांधा मातीच्या चांगला वर राहू दे, आणि पालापाचोळा घालाल तेव्हा खोडाला चिकटवू नका.

झाडाने आधीच मान टाकली असेल तर ते पत्र्याखाली घ्या, कुंडी थोडी तिरकी करून पाणी निथळू द्या. खत अजिबात नको, आजारी मुळांना ते झेपत नाही. बोट दोन पेरं आत घालून बघा, कोरडं लागलं तरच पाणी. मुळं थोडी जरी पांढरी राहिली असतील तर झाड फुटण्याची आशा असते, धीर धरा. पपईचंही असंच, साचलेलं पाणी तिला अजिबात चालत नाही, चिकू-पेरू त्यामानाने चिवट.

पानांची टोकं तपकिरी होऊन जळत असतील तर तो वेगळा प्रॉब्लेम, बहुतेक क्षाराचा. नळाचं तलावाचं पाणी चांगलं असतं, पण सोसायटीच्या बोअरचं, त्यातून खाडीजवळ राहत असाल तर, ॲव्होकाडोला नकोच. कोकोपीटही (नारळाच्या काथ्याचा भुसा) दोन-तीनदा धुऊन घ्या, त्यातही क्षार असू शकतो.

आणि प्लीज, हासची बी ग्लासात टूथपिक लावून रुजवली म्हणजे हासच मिळेल असं समजू नका. बीचं झाड कसं निघेल सांगता येत नाही, फळाला पाच ते दहा वर्षंही लागू शकतात, वर हास हे थंड हवेचं, आपल्या दमट उन्हाळ्यात रमत नाही. वेस्ट इंडियन जातीचं कलम मागा, किनारपट्टीला तेच मानवतं. नर्सरीत जूनमध्ये कितीही हिरवंगार दिसलं तरी तेव्हा लावू नका, ऑक्टोबर हीट सरली की नोव्हेंबरात लावा, म्हणजे पुढचा पाऊस यायच्या आत मुळं धरायला सहा-सात महिने मिळतात.