फोटो अर्धाच दिखस ना: ब्लॉब हलवताना शिकलेलं

जळगावात एमसीए संपल्यावर माझ्या वाट्याला आलेलं पहिलं मोठं काम धुळ्याच्या एका पतसंस्थेचं होतं. खातेदारांचे फोटो, सह्यांचे नमुने आणि कर्जाची स्कॅन केलेली कागदपत्रं जुन्या मायएसक्यूएल डेटाबेसमधून नव्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये न्यायची होती. नावं आणि आकडे एका दुपारीत गेले. फोटोंनी तीन आठवडे खाल्ले. डेटाबेसच्या कामाला नव्याने लागलेल्यांसाठी ते तीन आठवडे लिहून ठेवतोय, कारण ब्लॉबची (फोटो, स्कॅन असा बायनरी डेटा ठेवणाऱ्या कॉलमची) व्याख्या कॉलेजात पाठ होते, पण तो हलवायचा कसा हे कुणी शिकवत नाही.

पहिल्यांदा अडलं ते मेमरीवर. मी सगळ्या रो एका क्वेरीत मागवल्या आणि थोड्याच वेळात मशीन गुदमरलं. लूप लावून एकेक रो वाचली तरी फरक पडेना. पायथनच्या पायमायएसक्यूएलसारख्या लायब्ररीचा नेहमीचा कर्सर (क्वेरीचा निकाल वाचून देणारा भाग) सगळा निकाल आधीच आपल्या मशीनवर ओढून घेतो, हे मला तेव्हा कळलं. मग आधी फक्त आयडी मागवले आणि पन्नास-पन्नास रो नेऊ लागलो. प्रत्येक पन्नाशीनंतर कमिट, आणि शेवटचा आयडी एका वेगळ्या टेबलात, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये. वीज गेली की काम पुढच्या पन्नाशीपासून सुरू. उन्हाळ्यात आपल्याकडे ही सोय किती लागते ते सांगायला नको.

मोठ्या कागदपत्रांपाशी ‘पॅकेट फार मोठं’ अशी एरर येईल. मॅक्स अलाउड पॅकेट ही एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटाची मर्यादा सर्व्हरवर असते तशीच क्लायंटकडेही असते, दोन्हीकडे वाढवा. डंप, म्हणजे सगळा डेटा एका फाइलमध्ये, काढायचाच असेल तर बायनरी कॉलम हेक्समध्ये काढा, म्हणजे प्रत्येक बाइट दोन अक्षरांत लिहा. फाइल जवळपास दुप्पट होते, पण मधला कुठला कॅरेक्टर सेट बाइटना मजकूर समजून बदलत नाही. बेस६४ या मजकुरात लिहिण्याच्या दुसऱ्या पद्धतीने केलं तर एक तृतीयांशच वाढ होते.

सगळं पोहोचल्यावर दोन्हीकडच्या रो मोजल्या. आकडा जुळला. काम झालं म्हणून मी सरांना कळवलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पतसंस्थेतल्या आप्पांचा फोन आला. ‘भाऊ, हाऊ फोटो अर्धाच दिखस ना.’ मी धुळ्याला गेलो. स्क्रीनवर एका आजींचं खातं उघडलेलं होतं. डोक्यावरचा पदर, कपाळावरचं गोंदण, डोळे, आणि नाकाखाली सपाट राखाडी पट्टा. आप्पांनी आणखी चार खाती उघडली. कुणाची हनुवटी नव्हती, कुणाची फक्त टोपी उरली होती.

दोन दिवस मी माझाच कोड तपासत बसलो. शेवटी जुन्या टेबलात प्रत्येक फोटोची लांबी काढली आणि उतरत्या क्रमाने लावली. वरच्या शंभराहून जास्त रो अगदी सारख्या: ६५,५३५ बाइट. वेगवेगळ्या माणसांचे फोटो बाइटला बाइट सारख्या लांबीचे कसे असतील? मायएसक्यूएलमध्ये नुसत्या ब्लॉब कॉलमची कमाल लांबीच ती आहे. मिडियमब्लॉबमध्ये १६ एमबी मावतात, लाँगब्लॉबमध्ये ४ जीबी. जुना सर्व्हर स्ट्रिक्ट मोडमध्ये, म्हणजे न मावणारा डेटा एरर देऊन नाकारण्याच्या मोडमध्ये, नव्हता, त्यामुळे मोठा फोटो आला की तो उरलेला भाग कापून टाकायचा आणि नुसती वॉर्निंग द्यायचा. ती वाचणारं कुणी नव्हतं. मायएसक्यूएल ५.७ पासून स्ट्रिक्ट मोड आपोआप चालू असतो, पण जुने सर्व्हर अजून खूप ठिकाणी चालू आहेत. इतकी वर्षं हे उघडकीला आलं नाही, कारण जुन्या सॉफ्टवेअरमध्ये फोटो बघायला वेगळं बटण दाबावं लागे. नव्यात खातं उघडलं की फोटो समोर येतो.

आमचं घर रावेरकडचं, केळीचं. गाडीत घड मोजून भरले म्हणून कुणी पैसे देत नाही, काटा होतो. आणि काट्याआधी व्यापारी माल डोळ्यांनी बघतो. मी घड मोजले आणि घरी गेलो, असं झालं होतं.

म्हणून आता दोन तपासण्या करतो, आणि त्या वेगळ्या ठेवतो. पहिली हलवण्याआधी, मालाची: लांबी कॉलमच्या कमाल मर्यादेवर अडकलेल्या रो आहेत का, आणि जेपीईजी फोटो एफएफ डी८ या दोन बाइटनी सुरू होऊन एफएफ डी९ ने संपतो का. दुसरी हलवल्यानंतर, प्रवासाची: दोन्हीकडे प्रत्येक रोची लांबी आणि शा-२५६ (बाइटवरून काढलेला ठसा, एक बाइट बदलला तरी तो बदलतो) काढून जुळवायचा. मायएसक्यूएलमध्ये त्यासाठी फंक्शन आहे, पोस्टग्रेसमध्ये ११ व्या आवृत्तीपासून आहे, त्यामुळे फोटो पुन्हा ओढावे लागत नाहीत. नुसत्या दुसऱ्या तपासणीवर विसंबू नका. आजींच्या अर्ध्या फोटोचा शा-२५६ दोन्हीकडे तंतोतंत जुळला असता.

आप्पांनी कपाटातून खाते उघडण्याचे जुने अर्ज काढले. आम्ही दोघांनी चार दिवस बसून ते पुन्हा स्कॅन केले आणि पोस्टग्रेसच्या बाइटए या बायनरी कॉलममध्ये भरले, तिथे एका फील्डमध्ये १ जीबीपर्यंत मावतं. पहिला अर्ज त्याच आजींचा घेतला. लांबी ९१ हजारांच्या वर, शेवटचे दोन बाइट एफएफ डी९. आप्पांनी खातं उघडलं, चष्मा वर केला आणि पुढचा अर्ज माझ्या हातात दिला.